गरजू पाहिजेत, रस्त्यालगत

मार्च महिना लागला की आमच्या मुळशी तालुक्यात गरजूंची टंचाई होते. एरवी पुरेसे असतात. मार्चात मात्र पुरवून पुरवून वापरावे लागतात.

कारण सरळ आहे. पिरंगुटपासून पुढे कारखानेच कारखाने. त्यांतल्या ज्यांचा नफा वर्षाला पाच कोटींच्या घरात गेला, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजावर खर्च करणं भाग असतं. कायदा २०१३ चा, हे कलम लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. त्यात वर एक मेख मारून ठेवलेली आहे: कंपनी जिथे आहे तिथल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. आता एप्रिल ते डिसेंबर हे महिने ‘बघू’, ‘बसू एकदा’ आणि ‘बोर्डापुढे ठेवू’ यांत जातात. जानेवारीत साहेब बदलतात. फेब्रुवारीत कुणाच्या तरी लक्षात येतं की दोन टक्के जिथल्या तिथेच आहेत. २०२१ पासून नियम असा झाला की उरलेला पैसा गुपचूप खिशात घालता येत नाही. तो वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर सरकारी निधीत भरा. खात्यात टाकला तर कागदपत्रं वाढतात आणि सरकारला दिला तर फोटो निघत नाही. मग आमच्यासारख्यांना फोन येतो.

“सर, एक गाव हवं होतं.”

“कसं हवंय?”

“नीडी. पण रस्त्यालगत. आमचे एमडी येणार आहेत, त्यांची गाडी खालून घासते.”

“भरे चालेल? पिरंगुटहून घोटवड्याकडे वळलात की आलंच.”

“तिथे नीड आहे ना?”

“आहे की.”

“आणि पार्किंग?”

मी या खोऱ्यात एका लहानशा संस्थेचं काम करतो. करतो म्हणजे राहतो कोथरूडला आणि ‘फिल्ड’वर येतो मुळशीत. पूर्वी आम्ही गरजूंना मदत शोधायचो. आता मदतीला गरजू शोधतो. काम तेच आहे, दिशा फिरली एवढंच.

याच रस्त्यावरची एक शाळा आहे. नाव सांगत नाही, हेडमास्तरांनी हात जोडलेत. तिच्या व्हरांड्यात पाणी शुद्ध करायची यंत्रं ओळीने उभी आहेत, प्रत्येकावर वेगळ्या कंपनीची पाटी. चालू एकच. “बाकीची?” असं विचारलं तर हेडमास्तर शांतपणे म्हणाले, “उद्घाटनाला चालू होती.” कपाटात सगळ्या कंपन्यांचे फलक गुंडाळून ठेवलेत आणि दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली आहे: कोण आलं की कुठला फलक बाहेर काढायचा, कुठली पाटी झाकायची, कुठल्या रंगाची दप्तरं पाठीला लावून पोरांना उभं करायचं. एकदा गडबडीत एका कंपनीच्या साहेबांपुढे पोरांनी दुसऱ्याच कंपनीचं नाव घालून स्वागतगीत म्हटलं. पोरांचा दोष नव्हता, चाल तीच होती. साहेबांनीही ताल धरला. त्यांना गीताचा अर्थ कळत नव्हता हे त्यातल्या त्यात बरं.

भाषण संपवताना साहेब पहिल्या रांगेतल्या पोराला म्हणाले, “बेटा, बोलो, तुम्हें और क्या चाहिए?”

“सुट्टी,” पोरगं म्हणालं.

ही मागणी परिशिष्ट सातमध्ये बसत नाही. कंपन्यांनी समाजासाठी काय काय केलेलं चालतं त्याची यादी त्या परिशिष्टात आहे. शिक्षण आहे, आरोग्य आहे, पर्यावरण आहे, सुट्टी नाही.

आमच्या क्षेत्राला मोठा वारसा आहे, आणि तो माझ्या रोजच्या रस्त्यावरच पसरलेला असल्यामुळे विसरायची सोय नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला. सभासद व्हायचं तर आधी पाच वर्षं उमेदवारी आणि शपथ अशी, की स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही, संस्था देईल त्यात भागवीन. आता मुलाखतीत सध्याचा पगार किती आणि अपेक्षा किती हे विचारतात. गोखले बहुधा सोडायची तयारी किती हे विचारत असावेत. अण्णा कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत आपला विधवांसाठीचा आश्रम हलवला. फर्ग्युसनमधलं शिकवणं आटपून चिखल तुडवत तिथे चालत जायचे. मी त्याच हिंगण्याच्या अलीकडून स्कूटरवर निघतो, चांदणी चौक पार करतो आणि भूगावला अडकतो. अण्णांनी शंभरी ओलांडली. मला भूगाव ओलांडता येत नाही.

खुद्द मुळशीचं तर काय सांगावं! १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट इथल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रहाला उभे राहिले, तुरुंगात गेले, धरण झालंच. पुढे १९३६ साली त्याच घराण्यातल्या सर दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने मुंबईत समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा काढली, तीच आजची ‘टिस’. म्हणजे आधी आमच्या तालुक्यात विस्थापित तयार झाले आणि मग विस्थापितांसाठी काम करणारे तयार करायची सोय झाली. याला आता ‘इंटिग्रेटेड ॲप्रोच’ म्हणतात.

बापट पारनेरला असताना सकाळी हातात झाडू घेऊन गाव झाडायचे. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी. पण दोघांनीही झाडण्याच्या ‘आधीचे’ फोटो काढून ठेवले नाहीत. त्यामुळे आजच्या हिशेबाने ते काम झालंच नाही.

मी एमएसडब्ल्यू झालो त्या काळात शबनम होती, खादीचा झब्बा होता आणि पौडची एसटी होती. मुक्काम देवळात. परत आल्यावर अहवाल लिहायचा: ‘बैठक झाली. चहा झाला. लोक तयार आहेत.’ कशाला तयार आहेत हे कुणी विचारत नसे, कारण विचारणाराही दुसऱ्या गावात देवळात झोपलेला असे. मुली बघायला गेलो की भावी सासरे कौतुकाने ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “समाजसेवा उत्तमच. पण करता काय?”

आता अहवाल एक्सेलमध्ये जातो. त्यात इनपुट, आउटपुट, आउटकम आणि इम्पॅक्ट असे रकाने आहेत. ‘चहा झाला’ हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकायचं यावर आमच्या कार्यालयात एक अख्खी दुपार गेली. शेवटी ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ या सदरात त्याची सोय लागली, तर हिशेबनीस अडले.

“टपरीवाल्याचं बिल?”

मी बिस्किटाच्या पुड्याचा फाडलेला पुठ्ठा पुढे केला. त्यावर पेन्सिलीने ‘२२ च्या’ असं लिहिलेलं होतं आणि खाली सहीच्या जागी बशीचा गोल ठसा होता.

“जीएसटी नंबर?”

“त्याच्याकडे नाही हो.”

“बरं. चहा बावीस. हजेरीपटावर सह्या एकोणीस.”

“तिघांनी दोनदा घेतला.”

हिशेबनिसांनी चष्मा खाली ओढला. “म्हणजे डुप्लिकेट बेनिफिशियरी.”

परदेशी देणगीचं तर विचारूच नका. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर ती थेट आपल्या गल्लीतल्या बँकेत येत नाही. आधी दिल्लीला स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेत उतरते. अमेरिकेतून निघालेला पैसा पौडला यायला दिल्लीला जाऊन येतो. मी अजून दिल्ली पाहिलेली नाही. संस्थेच्या पैशाने पाहिली.

पण या सगळ्या बदलात खऱ्या अर्थाने व्यावसायिक कोण झालं असेल, तर ते आम्ही नव्हे. ती भऱ्यातल्या आजींसारखी माणसं.

या आजींच्या अंगणात मी पहिल्यांदा टॅब घेऊन गेलो, तेव्हा मनात धाकधूक होती. शहरातून आलेला माणूस, परकं यंत्र, खासगी प्रश्न. आमच्या प्रशिक्षणात ‘विश्वासाचं नातं निर्माण करणे’ यावर पूर्ण अर्धा दिवस होता. मी नातं निर्माण करायला म्हणून “काय आजी, पाऊसपाणी?” असं सुरू केलं, तर त्या सूप बाजूला ठेवत म्हणाल्या, “त्ये ऱ्हाऊ द्या. किती परश्न हायत?”

“अं… एकशे चाळीस.”

“मंग सतरंजीवर बसा. अन् आधी सही घ्या, नायतर शेवटाला इसरता अन् परत येता.”

संमतिपत्रावर त्यांनी सराईतपणे अंगठा टेकवला. नाव, वय, घरातली माणसं, गुरं, संडास, गॅस हे त्यांनी मी विचारायच्या आत एका दमात म्हणून दाखवलं, तेही माझ्या टॅबमधल्या क्रमाने. मी घाम पुसला.

“उत्पन्न किती, आजी?”

“कुनाला दावायचंय? त्यावर ठरंल.”

मी घाईने पुढच्या विभागात गेलो. स्वच्छता.

“आजी, जेवणाआधी साबणाने हात धुता का?”

आजींनी माझ्याकडे नीट रोखून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “बेसलाइन हाय का एंडलाइन?”

मला उत्तर सुचेना. त्यांनाच माझी दया आली. “आवं, बेसलाइनला ‘न्हाय’ म्हनायचं अस्तं अन् एंडलाइनला ‘व्हय’. मधल्या दोन वर्सांत तुमी साबण वाटायचा. मागल्या बारीला आमच्या जाऊबाईनं पयल्या झटक्यालाच ‘व्हय’ म्हनून टाकलं. त्या मॅडमचं त्वांड एवढुसं झालं. आता पयल्यापास्नंच हात धुत्यात म्हनल्यावर त्या पोरीनं सुदारना दावायची कुठनं? नोकरी जायाची की तिची!”

“पण आजी, खरं काय? धुता का नाही?”

“आता गं बया! दिसभर चिखलात भात लावून आलेली बाय हात न धुता जेवंल व्हय?”

टॅबमध्ये ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच गोल होते. ‘खरं काय’ असा तिसरा नव्हता. बेसलाइन होती, मी ‘नाही’ दाबलं. आजींनी समाधानाने मान हलवली आणि सुनेला हाक मारली, “च्या टाक. ह्ये नवं दिसत्यात.”

मग फोटो. पूर्वी आमच्याकडच्या फोटोंत माणूस जितका केविलवाणा तितका फोटो चांगला, असा रिवाज होता. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हनुवटीला हात, मागे पडकी भिंत. आता वारं बदललंय, आणि चांगलंच बदललंय: लाभार्थ्याची प्रतिष्ठा जपा, त्याला हसतमुख, आत्मविश्वासपूर्ण दाखवा. तसं लेखी परिपत्रक आलं. मी आजींना हसा म्हटलं तर त्या वैतागल्या.

“मागल्या सालच्या सायबांनी रडकं त्वांड करा म्हनलं, औंदा तुमी हसा म्हनताय. येक काय ती ठरवा की.”

“आता नियम बदललाय, आजी.”

“मंग दात द्या. दातांबिगर हसले का रडल्यावानीच दिसतं.”

खरंच तसंच दिसलं. शिवाय फोटोवर जागा, तारीख, वेळ उमटायला हवी म्हणून जे ॲप घेतलंय, त्याने ढगाळ हवेत आजींचं अंगण उचलून मुळा नदीच्या पात्रात नेऊन ठेवलं. मुंबईच्या कार्यालयातून लगेच विचारणा आली: ‘बेनिफिशियरी नदीत का उभी आहे? पूरग्रस्त असल्यास वेगळा फॉर्म भरावा.’

अंगणवाडीताईंची कथा याहून वरताण. एकात्मिक बालविकास योजना १९७५ सालची. इतकी वर्षं ताईंना गावातल्या प्रत्येक पोराचं घर, आजोळ, कांजिण्या, गोवर सगळं तोंडपाठ. आता पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आहे आणि घरी न्यायचा आहार देताना समोरच्या बाईचा चेहरा ॲपने ओळखावा लागतो. ताई म्हणतात, “ही माझी सख्खी भावजय आहे.” ॲप म्हणतं, चेहरा जुळत नाही. भावजयीने आदल्या दिवशी भुवया कोरून आणल्या होत्या. भुवया वाढेपर्यंत आहार द्यायचा की नाही, यावर वरून अजून मार्गदर्शन आलेलं नाही.

इतकं सगळं म्हटल्यावर वाचकांना वाटेल की मी जुन्या वळणाचा माणूस, नव्या पोरांवर जळतोय. जळतोच. आमच्याकडे एक नवी एमएसडब्ल्यू झालेली मुलगी रुजू झाली. ती स्वतःला समाजसेविका म्हणवत नाही, ‘डेव्हलपमेंट प्रोफेशनल’ म्हणवते. पाठीला लॅपटॉपची बॅग, संध्याकाळी साडेसहानंतर फोन बंद. आम्ही तर अपरात्री गावकऱ्यांच्या भांडणात पडायचो आणि त्यालाच बांधिलकी म्हणायचो. भांडणारे सकाळी एक व्हायचे आणि आमच्यावर उलटायचे, ते वेगळं.

तर त्याच आजींचं श्रावणबाळ योजनेचं पेन्शन अडलं होतं. यंत्र अंगठा घेईना. आयुष्यभर चिखलात रोपं खोवून रेषाच झिजलेल्या. आजी पौडला जाऊन आल्या, तिथे त्यांना हयातीचा दाखला आणा म्हणून सांगितलं.

“म्या समोर हुबी हाय त्ये दिसंना का त्यांना?” आजींचा सवाल बिनतोड होता.

माझं रक्त उसळलं. मी फुलस्केप कागद घेतला, ‘माननीय जिल्हाधिकारी साहेब’ अशी सुरुवात केली, प्रत मुख्यमंत्र्यांना काढायची ठरवली, दुसऱ्या पानावर संविधानाचा संदर्भ आणला. तिसरं पान सुरू करतोय तोवर ही मुलगी आजींना स्कूटीवर मागे बसवून निघून गेली. डोळ्याने ओळख पटवायचं यंत्र कुठल्या केंद्रावर चालू आहे ते तिने फोन करून आधीच विचारलं होतं. दुपारच्या जेवणाला दोघी परत. काम झालेलं.

“सर, तुमचं पत्र?” तिने आदराने विचारलं.

“राहू दे,” मी म्हणालो, “पुढेमागे संग्रहाला होईल.”

ती समाजसेविका म्हणवून का घेत नाही, हे मला फाट्यावर उभं राहिल्यावर कळलं. तिथे कायम निदान एक फ्लेक्स असतो. काळा गॉगल, गळ्यात बोटभर जाड साखळी, फोनवर बोलतानाचा आविर्भाव आणि नावाआधी ‘समाजसेवक’. खाली बारीक चेहऱ्यांचे मित्रमंडळ. जमिनींना भाव आल्यापासून तालुक्यात समाजसेवकांचं पीक आंबेमोहरापेक्षा जोमाने येतं. डॉक्टरांना कौन्सिल आहे, वकिलांना बार कौन्सिल आहे. आमच्या धंद्यात सनद फ्लेक्सवाला देतो. एकदा टपरीवर एका पाहुण्याला मी सांगितलं की मीही समाजसेवेतच आहे. त्याने माझ्या स्कूटरकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, आणि सहानुभूतीने विचारलं, “पडलात का?”

जुलैत आणखी एक पर्व असतं. ते म्हणजे हिंजवडीच्या कंपन्यांतली मंडळी श्रमदानाला येतात. एकसारखे टी-शर्ट, उन्हाच्या टोप्या (पाऊस धो धो), बरोबर डब्यातला नाश्ता आणि त्या डब्यांचा कचरा. “सर, भातलावणीचा एक्स्पिरिअन्स हवाय,” अशी खास मागणी. एका शेतकरीदादांना मी गळ घातली. त्यांनी चिखलणी करून, रोपांच्या मुठी बांधावर मांडून वाफा तयार ठेवला. चाळीस संगणक अभियंते चिखलात उतरले आणि उत्साहाने पुढे पुढे सरकत लावणी करू लागले.

दादा बांधावरून बघत होते. म्हणाले, “सर, ह्ये काय करत्यात?”

“लावणी.”

“आवं, लावनी मागं मागं सरकत करायची अस्ती. ह्ये लावत्यात अन् त्याच्यावरच पाय देऊन पुढं जात्यात.”

मी ओरडून सांगितलं. पण ती माणसं पुढे जायलाच शिकलेली. त्यात दोन गट पडले, स्पर्धा लागली, जो गट जास्त तुडवेल तो जिंकू लागला. फोटो अप्रतिम आले. पाहुणे गेल्यावर दादांनी मजूर बायका लावून वाफा पुन्हा पहिल्यापासून लावून घेतला. बायकांची मजुरी आम्ही भरली. हिशेबनिसांनी त्यासाठी ‘व्हॉलंटियर सपोर्ट’ असं नवं सदर उघडलं. पुढच्या वर्षी दादांनीच फोन करून विचारलं, “येनार का तुमची मान्सं? यायची आसली तर म्या बायांना दोन दिस आधी सांगून ठिवतो.”

वर्षअखेरीला यशोगाथा लिहायच्या असतात. पूर्वी त्या मी लिहायचो. प्रत्येकीत पहाट व्हायची. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळी दिल्या की ती लिहून देते आणि तिच्याही गोष्टीत पहाटच होते, पण इंग्रजीत होते. बचत गटातून कर्ज काढून पिठाची गिरणी टाकलेल्या एका ताईंची गोष्ट अशीच बनवली. खाली रिवाजाप्रमाणे ‘नाव बदललेले आहे’. गावात गिरणी एकच. तिसऱ्या दिवशी ताई कागद घेऊन दारात.

“पोराकडनं वाचून घेतलं मी. ‘अंधारात चाचपडणारी’ म्हंजे कोन?”

“ते… तसं लिहायची पद्धत असते, ताई.”

“आमच्याकडं मीटर हाय. गिरणी इजंवर चालती. अन् ‘नवऱ्याची साथ नसताना’? निम्मे हप्ते त्यांनी फेडलेत! वाचल्यापास्नं जेवंना झालेत. तुमी येऊन समजूत काढा.”

मी गेलो. समजूत काढायला दोन तास लागले. मोबदल्यात गोष्टीत एक वाक्य घालायचं ठरलं, की नवऱ्याने खूप साथ दिली. ते मुंबईला पाठवलं, तर तिथून उत्तर आलं: ‘मग आपल्या प्रकल्पाची गरज काय होती?’

एवढ्यात आजींची नात एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला गेली. परवा तिचा फोन आला. संशोधन करायचंय, मुलाखत हवी होती.

“घे की! कुणाची लावून देऊ? सरपंच? आशाताई?”

“नाही सर, तुमचीच. माझा विषय ‘समाजकार्यातील पारंपरिक मनुष्यबळ’ असा आहे. गाईड म्हणाले, नमुने झपाट्याने कमी होतायत, आधी गाठ.”

तर मी पुन्हा त्याच अंगणात, त्याच सतरंजीवर, पण या वेळी टॅबच्या पलीकडच्या बाजूला. तिने सौम्य आवाजात मला माझे अधिकार समजावून सांगितले. मुलाखत कधीही थांबवू शकता, नाव गुप्त राहील. संमतिपत्रावर सही घेतली. फोटोसाठी मी सवयीने हनुवटीला हात लावला, तर म्हणाली, “नको सर, प्रतिष्ठेत बसा.” प्रतिष्ठेत कसं बसतात ते मला येईना. तिने खांदे धरून बसवलं. आजी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत सगळं बघत होत्या, मधूनच “उजिडात घे त्यांना, उजिडात,” म्हणून सूचना देत होत्या.

प्रश्न मोजके होते, पण नेमके. शिक्षण, अनुभव, मासिक मानधन. मानधनाच्या प्रश्नाला मी म्हणून गेलो, “कुणाला दाखवायचंय?” नातीने लेखणी थांबवली. आजींनी पदराआड हसू दाबलं.

“शेवटचा प्रश्न, सर. ‘आपणास या कामातून समाधान मिळते का?’ होय किंवा नाही.”

मी विचारात पडलो. गोखले आठवले, अण्णा आठवले, पुठ्ठ्यावरचे बावीस चहा आठवले. होय म्हणावं तर पोरीच्या संशोधनाचं काय होईल? नाही म्हणावं तर आपलं काय होईल? मी उंबऱ्याकडे पाहिलं.

“बेसलाइन हाय तिची,” आजी सुपातला खडा बाहेर टाकत म्हणाल्या. “‘न्हाय’ म्हना.”